मागच्या भिंतीचं शेवाळ

आमच्या मागच्या भिंतीचं तोंड उत्तरेला आहे. याचा खरा अर्थ मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, शेवाळामुळे कळला. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या वर, 26 अंशांवर आहे. त्यामुळे भर जूनमध्येसुद्धा दुपारचा सूर्य इथे डोक्यावरून जरा दक्षिणेलाच राहतो. उत्तरेकडच्या भिंतीला ऊन मिळतं ते उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, तेही तिरपं. थंडीत तर नाहीच. त्यात आमच्या अंगणात जुना कडुलिंब. म्हणजे आमचा सगळा लष्कर भाग 45 अंशांत भाजून निघत असतो तेव्हाही त्या भिंतीच्या पायथ्याशी हात लावला तर गार लागतो. उन्हाळ्यात याचं कौतुक वाटतं. पावसाळा आला की तीच भिंत वरपासून खालपर्यंत हिरवी होते.

भिंत घडीव दगडाची, इथल्या फिकट पिवळसर वालुकाश्माची. आजेसासऱ्यांच्या वेळेची, चुना-सुरखीत बांधलेली. मधे केव्हातरी तिचे सांधे सिमेंटने भरून घेतले गेले. भिंतीला लागून चार पायऱ्या उतरल्या की तुळशीचं वृंदावन. माझे सासरे, त्यांना आम्ही नाना म्हणतो, रोज सकाळी काठी टेकत तिथे पाणी घालायला जातात. गेल्या श्रावणात त्या पायरीवर त्यांचा पाय सटकला. कठडा हाताशी होता म्हणून निभावलं. आत येऊन त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, फक्त जेवताना म्हणाले, "मागची काई काढून घ्या आता." नानांचं 'आता' म्हणजे दिवाळीच्या आत.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे घरात असली कामं आपोआप माझ्याकडे येतात. आधी शाळेतलं भिंग आणून भिंत नीट पाहिली. लांबून जे एकच हिरवं दिसत होतं ते एक नव्हतंच. खालच्या दोन-तीन थरांवर चिकट हिरवा लेप होता, बोट फिरवलं की बोटाला लागणारा. ते साधं हरितशैवाल. पन्हाळीखाली काळे ओघळ होते. ते मी आजवर धुराचे किंवा मळाचे समजत आले होते, पण ओले केले की काही वेळातच त्यांच्यात गडद निळसर-हिरवी झाक यायची. ते नील-हरित जीवाणू. उन्हाळ्यात वाळून काळे पडतात, मेल्यासारखे दिसतात आणि पहिल्या सरीला उठून बसतात. सांध्यांमधून मखमली गाद्या फुगून आल्या होत्या, ते मॉस. भिंगाखाली त्यातून केसाएवढ्या तपकिरी काड्या वर आलेल्या दिसल्या, प्रत्येकीच्या टोकाला इवलीशी कुपी. त्यात बीजाणू असतात. आणि अगदी वर, भिंतीच्या टोपीच्या फरश्यांवर, जिथे दोन घटका का होईना ऊन लागतं, तिथे राखाडी आणि नारिंगी चकत्या. गोड्या मसाल्यात आपण घालतो त्या दगडफुलाची ही भावंडं. बुरशी आणि शैवाल यांचा हा एकत्र संसार; वाढ इतकी हळू की मोठी चकती माझ्यापेक्षा वयाने मोठी असायची शक्यता बरीच.

हे इतकं सांगण्याचं कारण म्हणजे या चौघांना काढायची रीत एक नाही. चौघांना काढायलाच हवं असंही नाही.

काम काढलंय हे कळल्यावर सल्ल्यांना तोटा राहिला नाही. मिस्त्री गेली काही वर्षं आमच्याकडे लहानसहान कामं करतात, हात चांगला आहे. त्यांनी भिंतीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बहनजी, तेजाब मार देते हैं, घंटे भर में चकाचक." भाच्याने गाडी धुवायचं प्रेशरचं मशीन आणून देतो म्हटलं. धाकट्या जाऊबाईंचं मत ब्लीचिंगचं. त्यांच्या गच्चीवर चालतं ते. रंगाचा ठेकेदार आला, त्याने भिंत पाहिलीच नाही, फुटाने मोजली, आणि प्लास्टर करून वर वॉटरप्रूफ रंग द्या म्हणाला. त्याने सांगितलेला आकडा ऐकून नानांनी चहासुद्धा अर्धाच घेतला.

तेजाबाचं, म्हणजे आम्लाचं, मला तोंडी समजावत बसायचं नव्हतं. भिंतीतून निखळलेला एक दगड आणि जुन्या चुन्याचा एक ढेकूळ असं मी ओट्यावर ठेवलं, शाळेतून विरल हायड्रोक्लोरिक आम्ल आणलं आणि ड्रॉपरने दोन्हींवर दोन-दोन थेंब टाकले. दगड गप्प राहिला. चुन्याच्या ढेकळावर मात्र चर्रर करून फेस आला आणि मिस्त्री नकळत मागे सरकले. वालुकाश्माचे कण म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, म्हणजे रेतीच. त्याला हे आम्ल काही करत नाही. पण भिंत नुसत्या कणांवर उभी नसते. ती सांध्यातल्या चुन्यावर उभी असते, आणि काही दगडांत कणांना धरून ठेवणारा मसालाही चुनखडीचाच असतो. दुसऱ्या दिवशी दगडाकडे पाहिलं तर त्याच्यावरही जिथे थेंब पडला होता तिथे पिवळसर तपकिरी कडं उमटलेलं. दगडातलं लोह विरघळून वर आलं होतं. "ये तो दाग पड़ गया," मिस्त्री म्हणाले, आणि तेजाबाचा विषय संपला.

ब्लीचचं प्रकरण जरा फसवं आहे, कारण ते डोळ्यादेखत काम करतं. सोडियम हायपोक्लोराइट फवारलं की हिरवं बघता बघता पांढरं पडतं आणि आपण खूश. पण ते वरवरचा रंग उडवतं. दगडाच्या रंध्रांत शिरलेलं बरंचसं खाली जिवंत राहतं. त्याहून वाईट म्हणजे शेवटी मागे उरतं ते मीठ, साधं सोडियम क्लोराइड. ते दगडात मुरतं, ओलीत विरघळतं, कोरड्यात स्फटिक होतं, आणि दर खेपेला आतून रेटा देऊन पृष्ठभागाची पापडी सोडवतं. जुन्या वाड्यांच्या भिंतींना पायथ्याशी लोणा लागलेला आपण पाहतो, तो हाच खेळ. पैसे देऊन लोणा विकत घ्यायचा म्हणजे झालं. आणि एक गोष्ट मी वर्गात दर वर्षी सांगते, इथेही सांगते: ब्लीच आणि तेजाब यांची गाठ कधीही, अगदी वेगवेगळ्या दिवशी एकाच ओल्या कोपऱ्यातसुद्धा, पडू देऊ नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

प्रेशरच्या मशीनला मी नाही म्हटलं ते भाच्याला अजून पटलेलं नाही. त्याच्या गाडीचा पत्रा आणि आमचा दगड यांत फरक आहे. वालुकाश्माच्या तोंडावर वर्षानुवर्षांत एक घट्ट कवच तयार होतं. जोराच्या फवाऱ्याने ते उडालं की आतला मऊ, रवाळ दगड उघडा पडतो आणि त्यात पुढचं शेवाळ आणखी सुखाने रुजतं. शिवाय सांध्यांतून पाणी आत घुसतं, म्हणजे जे काढायचं त्यालाच पाणी पाजल्यासारखं. तारेच्या ब्रशलाही मज्जाव केला. त्याचे लोखंडी कण दगडात अडकतात आणि गंजून तपकिरी ठिपके उठतात. प्लास्टर आणि रंगाबद्दल एवढंच म्हणेन की भिंतीत शिरलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट लागते. ती बुजवली की ते दगडच फोडून बाहेर येतं.

मग एका रविवारी किल्ल्यावर गेलो. उरवाई दरवाज्याच्या वाटेवर कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती आम्ही लहानपणापासून पाहतो. त्या 15व्या शतकातल्या, तोमर राजांच्या काळच्या. या खेपेला मी मूर्ती सोडून नुसते डाग पाहत होते. डोक्यावर दगडाचा पुढे आलेला भाग आहे तिथला दगड कोरडा, उजळ. जिथून पावसाचं पाणी कड्यावरून सरळ खाली येतं तिथे काळे पट्टे, अगदी आमच्या पन्हाळीखाली आहेत तसेच. नवऱ्याने फोटो काढायला मोबाइल काढला तर मी म्हटलं, मूर्तीचा नको, वरच्या पट्ट्याचा काढ. पुरातत्त्व खात्याची विज्ञान शाखा 1917 पासून आहे, आणि स्मारकांवरचं शेवाळ काढायला त्यांची नेहमीची रीत म्हणजे पातळ अमोनिया, सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि मग पुन्हा उगवू नये म्हणून जैवनाशक. म्हणजे तिथेही तेजाब नाही आणि तिथेही घाई नाही.

घरी येऊन पहिलं काम केलं ते पाण्याचा माग काढायचं. हेच खरं काम होतं. बाकीची नुसती मेहनत. कागदावर भिंतीचं चित्र काढलं आणि जिथे जिथे हिरवं दाट तिथे पेन्सिलीने गिरवलं. चित्र पुरं झाल्यावर भिंतच बोलायला लागली. सगळ्यात दाट पट्टा टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपाखाली. टाकीचा फ्लोट केव्हाच बिघडलेला. मोटर सुरू करून कुणी विसरलं की पाणी भिंतीवर. आणि आमच्याकडे विसरतं हे रोजचंच. दुसरा पट्टा छताच्या दगडी पन्हाळीखाली. पन्हाळीचं पुढचं तोंड तुटलेलं, त्यामुळे पाणी लांब पडायच्या ऐवजी भिंतीला चाटून उतरायचं. तिसरा ठिपका चमत्कारिक जागी होता, भिंतीच्या मध्यावर, वर काहीच नाही. तो पलीकडच्या वकीलसाहेबांच्या कूलरचा निघाला. त्यांची खोली आमच्या भिंतीला पाठ लावून आहे, आणि एप्रिल ते जून त्यांच्या कूलरच्या तळातून गळणारं पाणी आमच्या सांध्यातून इकडे पाझरतं. आपल्याकडचं पाणी जड, त्यामुळे त्या ठिपक्याभोवती क्षारांची पांढरी झालरसुद्धा होती. पायथ्याचा सलग हिरवा पट्टा मात्र आमचाच: बागेची माती वर्षानुवर्षं भिंतीला टेकवत टेकवत चांगली हातभर वर चढवलेली.

प्लंबरने फ्लोट बदलला, ओव्हरफ्लोचा पाइप लांब नेऊन गटारात सोडला. पन्हाळीला मिस्त्रींनी दगडाचाच तुकडा बसवून तोंड पुढे काढलं. भिंतीची माती काढायला माळी आणि आमचा मुलगा, दोघांना लावलं. मातीखालून निघालेला दगड ओला, काळपट, आणि हाताने चोळला की रेती सुटत होती. त्या पट्ट्याला नुसतं कोरडं पडायला ठेवलं, त्यावर काहीही केलं नाही. कडुलिंबाच्या भिंतीवर टेकलेल्या फांद्या छाटल्या. त्यावर नाना जरा नाराज झाले, पण छाटलेल्या काड्या पुढे पुष्कळ दिवस दातांना पुरल्या.

दोन सांध्यांत पिंपळाची रोपं होती. त्याला हात लावायला मिस्त्री तयार नाहीत, माळी तयार नाही. शेवटी शेजारच्या काकूंनी सुचवलं त्याप्रमाणे मुळासकट सोडवून कुंडीत लावली आणि नंतर देवळाच्या आवारात नेऊन दिली. मुळं वीतभर आत गेली होती, सांध्याच्या चुन्यातून सरळ वाट काढत. शेवाळाची सगळे काळजी करतात. भिंत फोडतो तो हा.

नवरात्र संपेपर्यंत थांबलो. इथे पाऊस मुख्यतः जुलै ते सप्टेंबर. ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी, ऊन बऱ्यापैकी, थंडी-धुकं अजून लांब. औषध दगडात मुरायला भिंत वरून कोरडी हवी आणि निदान दोन दिवस पाऊस नको. मे महिन्यात मारलं तर पाणी मुरायच्या आधीच उडून जातं.

आधी मॉसच्या गाद्या उचलल्या. हे कोरड्यानेच करायचं. बांबूची कामटी चपटी तासून घेतली आणि गादीच्या खाली सारून हळूच उचकलं की अख्खी गादी पोळीसारखी सुटून हातात येते. मॉसला खरी मुळं नसतात, धाग्यांसारखे तंतू असतात, ते दगडात फार खोल जात नाहीत. पण पाणी किती धरून ठेवावं! काढलेली एक गादी मी मुठीत पिळली तर अंगण कोरडं असूनही कोपरापर्यंत ओघळ आले. खाली मातीचा पातळ थर, त्यात गोगलगाईची अंडी, एक गोम, आणि दगडावर ओलसर गडद ठसा. नानांनी खुर्ची टाकून हे सगळं पाहिलं. त्यांच्या लहानपणी जन्माष्टमीच्या देखाव्यात गोवर्धन करायला हेच मॉस भिंतीवरून काढून नेत असत, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. म्हणजे तेव्हाही भिंत हिरवीच होती.

औषध म्हणून बेंझाल्कोनियम क्लोराइड वापरलं. दवाखान्यातल्या फरशीच्या जंतुनाशकांत असतं तेच. केमिकलच्या दुकानात 50 टक्क्यांचं द्रावण मिळतं. आपल्याला हवं 2 टक्क्यांचं. म्हणजे 10 लिटरच्या फवाऱ्यात 400 मिलिलिटर औषध, बाकी पाणी. जास्त कडक केल्याने जास्त मरत नाही, हे मिस्त्रींना दोनदा सांगावं लागलं. फवाऱ्यात आधी औषध टाकून मग वरून पाणी सोडलं तर फेसच फेस होतो, म्हणून पाणी आधी. हातमोजे, चष्मा, तोंडाला रुमाल. तुळस कुंडीसकट पुढच्या अंगणात नेली, विहिरीवर ताडपत्री बांधली, कारण हे औषध माशांना आणि पाण्यातल्या सगळ्याच जिवांना फार वाईट. आमच्या मनीला चार दिवस वरच्या खोलीत कोंडून ठेवलं. मांजरं पंजे चाटतात, आणि या औषधाने त्यांच्या तोंडात फोड येतात. त्या चार दिवसांत तिने जे काही केलं ते सांगण्यासारखं नाही.

फवारताना खालून वर जायचं. वरून सुरू केलं की औषधाचे ओघळ कोरड्या दगडावरून खाली उतरतात आणि त्यांच्या रेघा पुढे दिसत राहतात. धुताना मात्र उलटं, वरून खाली. दगड ओथंबेल इतकंच मारायचं, वाहून जाईल इतकं नाही. संध्याकाळी चारनंतर मारलं. रात्रभर ते हळूहळू मुरतं.

आणि मग काहीच करायचं नाही. हा सगळ्यात अवघड भाग. दुसऱ्या दिवशी घरातला प्रत्येक जण चहाचा कप घेऊन मागे जाऊन आला आणि "काही झालं नाही" असं सांगून गेला. मिस्त्रींना घासायची घाई, कारण त्यांना पुढचं काम होतं. मी त्यांना पुढच्या कामावर पाठवून दिलं. हिरवा लेप आधी पिवळसर झाला, मग तपकिरी, मग उन्हाने कडक होऊन त्याच्या पातळ पापुद्र्या सुटायला लागल्या. सांध्यांत उरलेलं मॉस गवतासारखं वाळलं. काळ्या ओघळांवर पहिल्या फवारणीचा फार परिणाम दिसला नाही, तिथे पुन्हा मारलं. जिवंत शेवाळ घासलं की त्याचा चिकट लगदा होऊन रंध्रांत बसतो. मेलेलं, वाळलेलं घासलं की भुकटी होऊन पडतं. घासण्याची मेहनत वाचवायची असेल तर थांबण्याची सोसावी लागते.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात घासलं. नायलॉनचे ब्रश, सांध्यांसाठी जुने दात घासायचे ब्रश, आणि भुकटी झाडायला काथ्याचा कुंचा. आधी कोरडंच. मग बादलीत पाणी आणि थोडा सौम्य साबण, फडकं ओलं करून पुसल्यासारखं, आणि वरून तांब्या-तांब्याने पाणी. नळी लावली नाही. मुलगा पहिल्या तासातच कंटाळला, पण मग त्याला दगडावरचे छिन्नीचे घाव दिसायला लागले, तिरपे, एकाच मापाचे, आणि प्रत्येक दगडाला कडेने गुळगुळीत पट्टी. एका दगडावर घाव उलट्या बाजूने तिरपे होते. पाथरवट डावखुरा असणार, असं त्याने ठरवलं, आणि मग त्या डावखुऱ्याचे आणखी दगड शोधायच्या नादात अर्धी भिंत त्यानेच घासली.

पन्हाळीखालचा काळेपणा पूर्ण गेला नाही. निम्म्याहून जास्त उतरला, बाकी दगडात बसलाय. मिस्त्रींना तो ग्राइंडर लावून काढायचा होता. तो राहू दिला. टोपीवरच्या दगडफुलांच्या चकत्याही राहू दिल्या. त्यांचे धागे दगडाच्या कणांत शिरलेले असतात. खरवडलं की चकतीबरोबर दगडाची सालही येते. ती चकती तिथे गुपचूप बसली आहे, कुणाचा पाय घसरवत नाही. भिंत नवी दिसावी अशी कुणाची मागणीच नव्हती. पायऱ्या मात्र दोनदा फवारून, दोनदा घासून लख्ख केल्या, कारण तिथे प्रश्न दिसण्याचा नव्हता.

सांध्यांचं काम दिवाळीनंतर निघालं आणि ते या सगळ्यात मिस्त्रींशी वाद घालण्याचं मुख्य निमित्त ठरलं. सिमेंटने भरलेल्या सांध्यांजवळ दगड कडेने झिजून आत गेला होता आणि सिमेंट मात्र तसंच, पट्टीसारखं बाहेर. सिमेंट दगडापेक्षा घट्ट. पाणी त्यातून जात नाही, मग ते दगडातून जातं, आणि झिजतो तो दगड. चुन्याचा सांधा स्वतः झिजतो, दगड वाचवतो. जे सिमेंट पोकळ वाजत होतं तेवढंच छिन्नीने काढलं. घट्ट बसलेलं काढायच्या नादात दगडाच्या कडा उडाल्या असत्या. एक भाग चुना, तीन भाग चाळलेली रेती. चुना आधीच भिजवून मुरत ठेवलेला. मिस्त्रींची तक्रार अशी की चुना लवकर धरत नाही. ते खरंच आहे. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू दगड होतो, त्याला वेळ द्यावा लागतो आणि मधल्या काळात ओलं ठेवावं लागतं. भिंतीवर ओली बारदानं टांगली आणि रोज सकाळी नाना त्यांच्यावर तुळशीबरोबर पाणी शिंपडायला लागले. डिसेंबरच्या कडाक्याआधी काम संपवलं, कारण फार थंडीत चुना धरत नाही. मिस्त्रींचे वडील चुन्याचंच काम करत होते, हे त्यांनी शेवटच्या दिवशी सांगितलं. आधी सांगितलं असतं तर माझं अर्धं व्याख्यान वाचलं असतं.

सगळा खर्च, फ्लोटपासून रेतीपर्यंत, रंगाच्या ठेकेदाराच्या आकड्याच्या निम्म्यातही भागला. मजुरीच जास्त, औषध त्यातली चिल्लर.

यंदाचा पावसाळा आता सरत आलाय. टाकीखाली काही नाही. पन्हाळीखाली बारीक हिरवी छटा आहे, तिथे ऑक्टोबरात एक हलका हात फवाऱ्याचा मारीन. पायथ्याचा पट्टा कोरडा आहे. माती पुन्हा टेकवायची नाही अशी माळ्याला ताकीद आहे. हिरवं परत आलंय ते एकाच जागी, भिंतीच्या मध्यावर, पांढऱ्या झालरीसकट. वकीलसाहेबांशी मी मेमध्येच बोलले होते. ते म्हणाले, "हाँ हाँ, करवा देंगे." जूनमध्ये नवरा बोलला, त्यालाही हेच उत्तर. कूलर आता आवरून ठेवलेत, त्यामुळे एप्रिलपर्यंत गळणार नाही आणि एप्रिलपर्यंत कुणी लक्षही देणार नाही. मी प्लंबरकडून तीन फूट पाइप आणि दोन क्लिपा आणून ठेवल्या आहेत. मार्चमध्ये त्यांचा कूलर बाहेर निघाला की मुलाला पाइप घेऊन त्यांच्याकडे पाठवणार आहे. त्याचं आणि वकीलसाहेबांचं क्रिकेटवरून चांगलं जमतं.